मधूदादा बघतील

नोकरीच्या मुलाखतीत मला पहिला प्रश्न आला तो असा: "आज तिथी कुठली?"

बेलापूरला स्टेशनपासून पाच मिनिटांवरच्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर आमचं ऑफिस. सरकारी कचेऱ्यांसाठी फॉर्म भरून घेणारी सॉफ्टवेअरं आम्ही करतो. मालक समोर बसले होते आणि त्यांच्या शेजारी पन्नाशीचे, रापलेल्या चेहऱ्याचे, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट घातलेले एक गृहस्थ. प्रश्न त्यांचा होता. मी सांगलीकडची, नुकती इंजिनिअर झालेली आणि तोंडाने फटकळ. म्हटलं, "मी उपासतापास करत नाही."

"देवासाठी नाय इचारत गं, पान्यासाठी," ते म्हणाले. "अष्टमी हाय आज. आठाची पाऊनपट किती?"

"सहा."

"मंग आज सहाला भरती. झालं. पाढे येतात हिला. घ्या."

आणि मला खरोखरच घेतलं. त्या गृहस्थांचं नाव मधुकर तांडेल. ऑफिसात शिपायापासून मालकापर्यंत सगळे त्यांना मधूदादा म्हणत. ते करावे गावचे, पिढ्यान्‌पिढ्या खाडीत मासेमारी करणाऱ्या घरातले. शिकले म्हणून होडीतून उतरून कॉम्प्युटरसमोर बसले, एवढाच फरक, असं ते स्वतःच सांगत. त्यांच्या बोलण्यात ण नव्हता आणि ळसुद्धा क्वचितच. मी पहिल्या आठवड्यात एकदा त्यांची नक्कल केली आणि नेमके ते मागे उभे होते. "चांगली करतेस," म्हणाले, "पन 'पानी' बोलताना तोंडात पानी नको आनूस, भीती आन." मला तेव्हा ते विनोदानेच बोलले असं वाटलं.

त्यांची एक सवय सगळ्या ऑफिसला पाठ होती. कुणी वेळ विचारली की ते घड्याळाकडे न बघता आधी खिडकीपाशी जात. दोन इमारतींच्या फटीतून खाडीची चिंचोळी पट्टी दिसायची. तिच्याकडे बघून ते म्हणत, "अर्धी सुकती झाली," आणि मग घड्याळ बघून म्हणत, "साडेतीन." सुकती म्हणजे ओहोटी. कानावर कायम पेन्सिल. प्रोग्राममध्ये काहीही बदल केला की पाठकोऱ्या कागदाच्या चिटोऱ्यावर तो लिहून ठेवायचा आणि चिटोरा पत्र्याच्या डब्यात टाकायचा. कॉम्प्युटर स्वतःच सगळ्या बदलांची नोंद ठेवतो, हे मी त्यांना किमान दहा वेळा सांगितलं असेल. "त्याला माहीत हाय मी क्या बदललं," ते म्हणत. "का बदललं त्ये माहीत हाय का त्याला?" असं विचारलं की मला राग यायचा.

ऑफिसच्या कामाशिवाय त्यांचं स्वतःचं एक काम होतं आणि जीव त्यात होता. त्याचं नावच 'सुकती'. भरती-ओहोटीची वेळ सांगणारा तो एक प्रोग्राम होता आणि तो त्यांनी जगाला खुला ठेवला होता. कुणीही घ्यावा, वापरावा, नक्कल करावी, सुधारावा. तिथीच्या पाऊणपटीने समुद्राची वेळ कळते, पण खाडीत आत शिरताना पाणी वळणं घेतं, अडतं, कुठे लवकर तर कुठे उशिरा पोचतं. कुठल्या खाडीत किती मिनिटं पुढे आणि किती मागे, याचा एक तक्ता त्यांनी केला होता. त्या फाइलचं नाव त्यांनी 'मागेपुढे' ठेवलं होतं. त्यातला करावे खाडीचा आकडा ते स्वतः मोजत. धक्क्याच्या पलीकडे, तिवरांच्या झाडांच्या कडेला त्यांच्या वडिलांनी रोवलेला एक खांब होता. त्याच्यावर वीत-वीत अंतरावर डांबराचे पट्टे. अमावास्या-पौर्णिमेला, उधाणाच्या दिवशी, मधूदादा तिथे जाऊन पाणी कुठल्या पट्ट्याला कधी लागतं ते लिहीत.

हे एवढं कुणासाठी, असं मी एकदा विचारलं. तेव्हा त्यांनी मला प्रथम हिरावैनींबद्दल सांगितलं. हिरावैनी म्हणजे त्यांच्या धाकट्या भावाची बायको. ती आणि गावातल्या तीन-चार बायका सुकतीला चिखलात उतरून शिवल्या आणि चिंबोऱ्या, म्हणजे शिंपल्या आणि खेकडे, गोळा करतात, दोन-दोन तास आत चालत जातात. "तुमा लोकांना वाटतं पानी समोरून येतं," ते म्हणाले. "समोरून नाय येत. समोर चिखलच दिसत ऱ्हातो. पानी मागून नाल्यानं येतं. गपचूप. बाय वलून बघते तवा परतायची वाट गेलेली असते." त्यांची आई अशीच एकदा अडकली होती. वाचली, पण त्यानंतर मरेपर्यंत ती तांब्यातलं पाणीसुद्धा आधी निरखून मग प्यायची, असं ते सांगायचे.

म्हणून 'सुकती'ला फोनवर एक घंटा होती. नाला भरण्याच्या अर्धा तास आधी ती वाजायची. बायका प्लास्टिकच्या पिशवीत फोन घालून गळ्यात अडकवायच्या. पूर्वी त्या आकाशाकडे, चिखलाच्या रंगाकडे, बगळ्यांकडे बघून परत फिरायच्या. मधूदादांनीच त्यांना घंटेची सवय लावली. "माझंच हाय त्ये, भरोसा ठेवा," असं त्यांनी घरोघरी जाऊन सांगितलं होतं.

पुढे मीही त्या कामात शिरले, आधी कौतुक म्हणून आणि मग हौसेने. 'सुकती' तोवर पाच भाषांमध्ये झाला होता. म्हणजे माणसांच्या नव्हे, कॉम्प्युटरच्या भाषा. मूळचा सी मधला मधूदादांचा, मग जावा, पायथन, जावास्क्रिप्ट आणि फोनसाठी कॉटलिन. मधूदादा त्यांना घरं म्हणत. पाची घरांचा सगळा मजकूर एकाच कोठीत राहायचा. आमच्या धंद्यात अशा कोठीला रेपो म्हणतात. 'मागेपुढे'चा तक्ता मधोमध एकच, आणि पाची घरं त्याच्यावर जगायची. आत लिहिलेल्या सूचना सगळ्या मराठीत, हा मधूदादांचा हट्ट. "आपली खाडी हाय, आपल्या भाषेत लिवा," असं त्यांचं म्हणणं.

एका कोठीत पाच घरं म्हटल्यावर भांड्याला भांडं लागणारच. पायथनमध्ये एक स्वल्पविराम बदलला तरी पाचही घरांच्या तपासण्या पुन्हा चालायच्या. जावावाल्यांना जावास्क्रिप्टच्या भानगडी डाऊनलोड कराव्या लागायच्या. फोनचं घर कोचीचा जोएल सांभाळायचा. तो मोठा गुणी माणूस, पण त्याच्या एका ओळीच्या दुरुस्तीला पाऊण तास थांबावं लागायचं आणि तो दर वेळी मला मेसेज करायचा, दर वेळी आधीच्यापेक्षा जास्त सभ्य भाषेत. ती सभ्यता मला सोसेना. मी प्रस्ताव मांडला की वाटणी करू, पाच घरांचे पाच रेपो.

सगळ्यांनी लगेच हो म्हटलं. मधूदादांनी दोन आठवडे घेतले. मग एका दुपारी डबा खाताना म्हणाले, "बाय, चुली वेगल्या करा. मी नाय म्हनत नाय. पन मागंपुढं एकच ऱ्हाऊं दे."

"दादा, त्याचा सहावा रेपो करू ना. पाची जण त्यातूनच घेतील."

"घेतील, का घेतात?"

"घेतील. मी लावून देते."

"तू लावून देतेस ना, मंग झालं," ते म्हणाले आणि त्यांनी माझ्या डब्यात तळलेला बोंबील टाकला. आमच्या घरी मासे शिजत नाहीत, हे त्यांना माहीत होतं. मी मात्र ते खायला त्यांच्याकडूनच शिकले होते.

वाटणी मी केली. तीन दिवस लागले. प्रत्येक घराचा जुना इतिहास वेगळा काढायचा, कुणाची नोंद हरवू द्यायची नाही, असं ते किचकट काम होतं आणि मी ते झकास केलं, हे आजही म्हणते. अडलं फक्त फोनशी. बाकीची चार घरं तक्ता ऑनलाइन आणू शकत होती. पण तिवरांच्या आत रेंज नसते. फोनच्या आत तक्ता आधीपासून असायलाच हवा. त्याची नक्कल दर नव्या आवृत्तीला आपोआप सहाव्या रेपोतून आणून ठेवणारं यंत्र लिहायचं होतं, फार तर दोन दिवसांचं काम. तेव्हा ऑफिसात एक मोठी डेडलाइन डोक्यावर होती. मी तक्ता उचलला, फोनच्या घरात हाताने चिकटवला आणि वर एक ओळ लिहिली:

तात्पुरतं. नंतर मधूदादा बघतील.

यात मला काहीच गैर वाटलं नाही. आमच्या ऑफिसात हे वाक्य दिवसातून चार वेळा उच्चारलं जायचं. सर्व्हर बंद पडला, मधूदादा बघतील. प्रिंटर अडला, मधूदादा बघतील. आणि ते बघायचेही. पण या वेळी ते मी त्यांना सांगितलं नाही. सांगायचं राहिलं, असं मी पुढे पुष्कळ दिवस म्हणत होते. खरं सांगायचं तर मला त्यांचं बोलणं ऐकायचं नव्हतं. कारण 'तात्पुरतं' या शब्दाचा त्यांना मनापासून तिटकारा होता. कुणी तो उच्चारला की त्यांचा चेहरा बदलायचा. त्यांच्या लहानपणी गावाच्या खाडीकडच्या अंगाला ट्रक जाण्यापुरता भराव टाकला होता. वर्षभरात उचलू, तात्पुरता आहे, असं त्यांच्या वडिलांना कुणीतरी सांगितलं. "आमच्या गावात तात्पुरतं म्हनून जे जे आलं," मधूदादा म्हणत, "त्याच्यावर आज बिल्डिंगी हान. तू ऱ्हातेस ना सीवूड्सला, ती पन तात्पुरतीच असंल."

पुढचे काही महिने सगळं छान चाललं. जोएल खूष. तपासण्या पाच मिनिटांत व्हायच्या. मी चारचौघांत वाटणीचं श्रेय घेत होते.

मग मधूदादा खिडकीपाशी जरा जास्त वेळ उभे राहायला लागले. कधी कधी वेळ न सांगताच जागेवर येऊन बसायचे. मी विचारलं तर म्हणाले, "पानी चुकतंय." मला हसू आलं. पाणी कसं चुकेल, चुकला तर तक्ता चुकेल. ते हसले नाहीत. खाडीच्या तोंडाशी कुठेतरी पुन्हा भराव पडला होता. पूर्वी पसरायला जागा होती, तेव्हा पाणी सावकाश यायचं. आता ते सरळ आत घुसत होतं. सलग चार अमावास्या-पौर्णिमा त्यांनी खांबापाशी काढल्या. चार चिटोऱ्यांवर एकच गोष्ट होती. नाला अर्धा तास आधी भरत होता.

त्यांनी सहाव्या रेपोतला आकडा बदलला. खाली आमच्या रिवाजाप्रमाणे लिहिलं, 'पाण्यावर पाहिलं, मधुकर'. मग माझ्या टेबलापाशी आले.

"पाची घरांत गेलं ना गं?"

माझ्या स्क्रीनवर तपासण्यांची यादी होती. चार ओळी, चार हिरव्या खुणा. लाल काही नव्हतं. फोनचं घर तक्ता मागतच नव्हतं, म्हणून त्याची ओळच यादीत नव्हती. जे नाही ते लाल कसं दिसणार?

"गेलं दादा," मी म्हटलं. मान वर न करता म्हटलं.

मधूदादा म्हणाले, "तुला ठावं," आणि गेले. त्यांचं ते 'तुला ठावं' मला तेव्हा लक्षात घ्यावंसंही वाटलं नाही.

त्यानंतर दोन आठवड्यांनी, सकाळी साडेदहाला ऑफिसात त्यांचा फोन वाजला. बोलणं झालं नाही, नुसतं ऐकणं झालं. त्यांनी खुर्चीवरची पिशवीही घेतली नाही. जिन्यावरून त्यांच्या चपलांचा आवाज चौथ्या मजल्यापासून खालपर्यंत ऐकू येत होता. लिफ्टसाठी ते थांबले नव्हते.

हिरावैनी आणि आणखी दोघी अडकल्या होत्या. घंटा वाजली तेव्हा त्या वळल्या, आणि नाला छातीपर्यंत भरलेला होता. त्या तिवरांच्या फांद्या धरून उभ्या राहिल्या. पलीकडून जाणाऱ्या एका होडीवाल्याने ओरडा ऐकला म्हणून तिघी बाहेर आल्या. हिरावैनींच्या फुप्फुसात गढूळ पाणी गेलं होतं. आठ दिवस त्या हॉस्पिटलात होत्या. पहिले तीन दिवस डॉक्टर नक्की काही बोलायला तयार नव्हते.

मला कळलं तेव्हा मी आधी फोनचा रेपो उघडला. तक्ता उघडला. करावे खाडीपुढे जुना आकडा होता आणि त्याच्या वर माझी ओळ. मी जोएलला फोन केला. तो बिचारा घाबरला. ती ओळ त्याने रोज पाहिली होती, पण त्याला मराठी येत नाही. काहीतरी महत्त्वाचं लिहिलं असेल म्हणून त्याने तिला हात लावला नव्हता. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी ते दोन दिवसांचं यंत्र लिहून संपवलं. नवी आवृत्ती गेली, पाचवी हिरवी खूण आली. इतक्या दिवसांत मला वेळ नव्हता, तो त्या एका दिवसात कुठून आला कोण जाणे.

मधूदादांना मीच सांगितलं, हॉस्पिटलच्या आवारात, उभ्याउभ्या. एक शब्द न गाळता सांगितलं. ते ओरडतील असं वाटलं होतं. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "माझं नाव लिवलंस?" मी मान डोलावली. "मंग हिरीनं माझंच ऐकलं," ते म्हणाले आणि आत गेले.

हिरावैनी घरी आल्यानंतरच्या आठवड्यात त्यांचा निरोप आला. "बाय, रविवारी सकाली गावात ये. पायांत जुनं घाल."

मी गेले. त्यांनी हिरावैनींचा फोन, तीच प्लास्टिकची पिशवी, माझ्या गळ्यात घातली. त्यात जुनीच आवृत्ती होती. त्यांनी ती मुद्दाम ठेवली होती. मग मला खांबाच्या पुढे, चिखलात बरंच आत नेऊन उभं केलं. "घंटा वाजली की परत ये," एवढंच म्हणाले आणि तिवरांच्या आड होडी लावून होडीत बसले.

समोर चिखल पसरला होता, मऊ, चकचकीत. निवट्या, चिखलात राहणारे ते छोटे मासे, उड्या मारत होत्या. ऊन चांगलं होतं. फोन सांगत होता की घंटेला अजून चाळीस मिनिटं आहेत. मी उभी राहिले. पंधरा मिनिटं झाली तरी काहीच होत नव्हतं, आणि मला मनात कुठेतरी वाटलं की दादांचंच काही चुकलं असेल. मग निवट्या दिसेनाशा झाल्या. मी समोर बघत होते, म्हणून मला काही कळलं नाही. पायाच्या घोट्याला मागच्या बाजूने गार लागलं. वळून बघितलं, तर ज्या नाल्यातून मी चालत आले होते तो नाला नव्हता. तिथे सपाट, तपकिरी पाणी होतं, आवाज न करता येत होतं. आवाज नव्हता, याचीच मला जास्त भीती वाटली. गुडघ्यापर्यंत आलं तेव्हा मी फोनकडे बघितलं. बारा मिनिटं बाकी होती. मी हाका मारल्या. होडी हलली नाही. मांडीपर्यंत आलं तेव्हा मी रडत होते आणि पाय चिखलातून निघत नव्हता.

तेव्हा गळ्यातली घंटा वाजली. मधूदादांची घंटा, ती 'परत फिरा' सांगणारी, अतिशय मंजुळ घंटा.

होडी आली. त्यांनी मला काखेत धरून वर ओढलं. धक्क्यावर त्यांच्या घरून आणलेला चहा होता. कप माझ्या हातात देऊन म्हणाले, "मी तुला शिक्षा नाय केली बाय. तू हुशार हायेस. हुशार मानसाला सांगून कलत नाय." मग पाण्याकडे बघत म्हणाले, "तात्पुरतं लिवनारा निघून जातो. जिता मानूस त्याच्यात उभा ऱ्हातो." माझ्यामुळे त्या माणसाच्या शब्दावरचा त्याच्याच घरातला विश्वास गेला होता, आणि तरी चहा त्यांनीच आणला होता. या गोष्टीची लाज मला अजून वाटते.

हिरावैनी पुन्हा खाडीत उतरल्या नाहीत. गावातल्या बायकांनी फोन गळ्यात घालणं सोडलं. मधूदादांनी कुणालाही आग्रह केला नाही. ते मात्र पहिल्यासारखेच खांबापाशी जात, आकडे लिहीत, मला देत. 'माझंच हाय त्ये' हे शब्द मी त्यांच्या तोंडून परत ऐकले नाहीत.

पुढच्या वर्षी ते आजारी पडले. पोटाचं दुखणं होतं, कळलं तेव्हा उशीर झालेला होता. वजन उतरलं, पेन्सिल कानावर टिकेना. मी शेवटची भेटायला गेले तेव्हा त्यांना हॉस्पिटलात खिडकीजवळचा पलंग मिळाला होता, पण तिथून पाणी दिसत नव्हतं, दुसऱ्या इमारतीची भिंत दिसत होती. त्यांनी खुणेने मला जवळ बोलावलं.

"तो शब्द काढलास ना?"

"काढला दादा."

"सगलीकरचा?"

"सगळीकडचा."

त्यांनी डोळे मिटले. बरं वाटलं त्यांना. पत्र्याचा डबा मला द्यायचा, असं त्यांनी घरी सांगून ठेवलं होतं. ते गेले त्या दिवशी पंचमी होती. निरोप आला तेव्हा मी जिन्यात होते, आणि पाचाची पाऊणपट पावणेचार, असा हिशेब मनात आपोआप झाला. मग पायरीवर बसून मी रडले.

आता खांबापाशी मी जाते. हिरावैनी धक्क्यावरूनच बघतात. मी वेळ विसरून उभी राहिले की वरून हाक येते, "गो बाय, मागं बघ!" चिटोरे मी त्याच डब्यात टाकते, आणि 'का'सुद्धा लिहिते.

पण मी मधूदादांना 'सगळीकडचा' म्हणून सांगितलं ते खरं नव्हतं. मला तेव्हा माहीत नव्हतं इतकंच. खुल्या कामाची नक्कल कुणीही करू शकतो, त्यासाठीच ते खुलं असतं. मधल्या त्या महिन्यांत, जुना आकडा आत असताना, फोनच्या त्या सुटसुटीत रेपोच्या किती जणांनी नकला केल्या आणि त्या नकलांच्या पुढे किती नकला झाल्या, याचा पत्ता कुणालाच नाही. फोनचा प्रोग्राम एकत्र कोठीत असता तर कदाचित कुणी इतक्या सहज उचलला नसता. तो सुटसुटीत केला मी. एके दिवशी मी सहज माझी ती ओळ इंटरनेटवर शोधायला टाकली. ती सापडली. मग आणखी एके ठिकाणी सापडली. मासेमारीची अॅप्स, फिरायला नेणाऱ्यांची अॅप्स, कुठल्या कुठल्या माणसांची. त्यांना मराठी येत नाही. पण मूळ प्रोग्राममध्ये आहे म्हणून ती ओळ त्यांनी जपून ठेवली आहे. मी सगळ्यांना पत्रं लिहिली. काहींनी आकडा बदलला. काहींचे पत्तेच बंद होते.

गेल्या आठवड्यात एक नवं सापडलं. करावे खाडीत रोहित पक्षी बघायला माणसांना होडीतून नेणाऱ्या कुणाचं तरी. सुकतीला ते पाहुण्यांना चिखलाच्या पट्टीवर उतरवतात, फोटो काढू देतात आणि घंटा वाजली की परत होडीत घेतात. हे अॅप मधूदादा गेल्यानंतर सहा महिन्यांनी झालेलं आहे. मी लिहिलं, तर त्याचं उत्तर आलं, फार नम्र. त्याने मशीनकडून माझ्या ओळीचं भाषांतर करून घेतलं होतं. म्हणतो, आकडा आम्ही असा परस्पर बदलू शकत नाही, कारण मूळ लेखकांनी स्पष्ट लिहून ठेवलं आहे की हे मधूदादा बघतील. आम्ही त्यांचीच वाट बघतो आहोत. हे मधूदादा कोण, आणि ते कधी बघतील?

कधी बघतील याचं उत्तर मी त्याच दिवशी पाठवलं, एका ओळीत. कोण, ते एका ओळीत बसेना, म्हणून हे एवढं लिहावं लागलं. ती ओळसुद्धा त्याने अजून उघडून पाहिलेली नाही. त्याच्या होड्या रविवारी सुटतात. या रविवारी अमावास्या आहे.